धुऱ्यावरचा उटकटारा

पोळा सरला आणि जरा उघडीप पडली की शकुबाई खुरपं घेऊन शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, हजर व्हायची. कपाशीतलं निंदण करायला मजूर बाया होत्या, संत्र्याच्या झाडांकडे बघायला तिचा नवरा कवडू होता. त्या भानगडीत ती पडत नसे. तिचं वैर एकाच झुडपाशी होतं. ते म्हणजे उटकटारा. गुडघ्याएवढं वाढणारं, पानापानाला काटे असलेलं आणि दिवाळीच्या सुमारास फिकट निळ्या चेंडूंसारखी फुलं येणारं हे रानटी झुडूप. सौंसर तालुक्यात कुठल्याही पडीक जागी ते उगवतं आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असतं. बकऱ्यासुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत. पण शकुबाई मात्र ते फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायची, बांधावर ढीग करायची आणि वाळलं की काडी लावायची. बोटांत काटे मोडून हात सुजायचे. त्यानं तुझं काय घोडं मारलं, असं कोणीही विचारलं असतं. कवडूनं कधी विचारलं नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि अख्ख्या रामाकोना गावालाही ठाऊक होतं.

शकुबाई या घरात आली तेव्हा तिला धड लुगडंही नेसता येत नव्हतं. घरात मोठी जाऊ यमुना. सासू नव्हती, त्यामुळे चूल, गोठा, पाणी सगळं यमुनाच शिकवत होती, आणि तिनं कधी धाकटीवर आवाज चढवला नाही. शकुला माहेरची आठवण येऊन रडू फुटलं की यमुना तिला विहिरीवर घेऊन जायची, म्हणजे पुरुषांना ऐकू जात नसे. वर्षाच्या आत यमुनेला दिवस राहिले. पोटुशीला हवं नको बघायला आता शकु होती आणि तिला त्याचा कोण अभिमान वाटायचा.

गावची सुईण केसरबाई. तिच्या हाताखाली रामाकोन्यातली निम्मी पोरं जन्मली होती आणि तिची भिस्त होती उटकटाऱ्याच्या मुळीवर. ती मुळी अशीतशी काढायची नसते. आदल्या संध्याकाळी झाडाला हळद-तांदूळ वाहून आमंत्रण द्यायचं, सकाळी कोणाशी न बोलता जायचं, लोखंड न लावता लाकडाच्या खुंट्यानं खणायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. बाळंतीण अडली की ही मुळी लाल दोऱ्यानं तिच्या वेणीच्या मुळाशी बांधायची. मूल झटक्यात सुटतं. पण मूल बाहेर आलं की त्याच क्षणी मुळी सोडायची, कारण ती ओढतच राहते. मुलामागोमाग बाईचं रक्त, बाईचा जीव, सगळं ओढून बाहेर काढते. हे सगळ्या बायांना माहीत होतं, आणि मुळी सोडायला दर बाळंतपणात एक बाई डोक्याशी बसवलेली असायची.

यमुनेच्या डोक्याशी शकुला बसवलं. केसरबाईनं तिला बजावलं होतं, "मी 'सोड' म्हटलं का सोडजो. आधी नाही अन् मांगून नाही."

सकाळपासून कळा चालल्या होत्या. टाळूवर थापलेलं एरंडेल, घाम, आणि वेदनेनं उशीवर इकडून तिकडे घासलेलं डोकं, या सगळ्यात तो दोरा केसांत पार गुंतून गेला होता. मूल आलं, केसरबाई "सोड" म्हणाली आणि शकुची नखं गाठीवरून सटकू लागली. आदल्याच दिवशी तिनं शेण काढायला म्हणून नखं कापली होती. गाठ सुटेना. केसरबाई ओरडली, शकु रडायला लागली, शेवटी तिनं यमुनेच्या डोक्यावर वाकून दोरा दातांनी तोडला. तोवर यमुनेच्या खालचं गोधडं लाल झालं होतं. दुपारी ती गेली. मुलगा जगला.

केसरबाईनं कोणावर आळ घ्यायचा म्हणून घेतला नाही. तिला जे खरं वाटलं तेच ती म्हणाली, मुळी सोडायला उशीर झाला. बस. कोणी शकुला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही, तोंडावर वाईटही बोललं नाही. फक्त त्यानंतर गावात कोणाला दिवस राहिले की ओटी भरायला शकुबाईला बोलावणं येईनासं झालं. एखाद्या घरात बाळंतपण असलं आणि ती वाटेनं चालली असली, तर कोणीतरी बाई हळूच दार लोटून घ्यायची. तिची स्वतःची कूस कधी उजवली नाही, तेव्हा त्याचाही हिशेब लोकांनी तिथंच लावला. शकुबाईला हे सगळं बरोबरच वाटायचं. तिला कोणाचा राग आला नाही. राग यायला आपण निर्दोष आहोत असं निदान थोडं तरी वाटावं लागतं, आणि तिला ते एकदाही वाटलं नव्हतं.

यमुनेचा नवरा वर्षभरात दुसरं लग्न करून नागपूरच्या गिरणीत निघून गेला. पोरगं मागे राहिलं, ते शकुबाईनं वाढवलं. विजय त्याचं नाव. बकरीच्या दुधावर, बोटानं चाटवून, छातीशी धरून तिनं त्याला जगवलं. तो बोलायला लागला तेव्हा तिला "माय" म्हणायला गेला, तर तिनंच त्याला थांबवलं आणि "काकू" म्हणायला शिकवलं. मायचा मान आपण घ्यायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

विजय चौथीत असताना एकदा शाळेतून तणतणत आला. कुठल्यातरी पोरानं त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं दप्तर फेकलं आणि विचारलं, "तू माझ्या मायले मारलं का?"

शकुबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "हो रे बाप्पा."

तो त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला, आणि पुढे त्यानं तो विषय कधीच काढला नाही. शकुबाईनं मात्र ते वाक्य जपून ठेवलं. तो शिकला, सौंसरच्या बसनं रोज ये-जा करून मॅट्रिक झाला, छिंदवाड्याला कॉलेजात गेला, पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झाला, तिच्यासाठी पहिल्या पगारात लुगडं घेऊन आला. लुगडं हातात घेतानाही तिच्या मनात तेच चाललं होतं, हा देतो आहे, पण याला माहीत आहे.

विजयचं लग्न झालं. बायको जयश्री, पांढुर्ण्याच्या एका कापड दुकानदाराची मुलगी, हसरी, जरा धांदरट, काकूच्या मागेपुढे करणारी. तिला आई नव्हती. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरी ठरलं आणि शहाऐंशीच्या पोळ्याआधी पंधरा दिवस विजय तिला रामाकोन्याला घेऊन आला. दिवस भरत आले होते. वेळ आली की सौंसरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं.

शकुबाईची त्या दिवसांत झोप उडाली. सून आपल्या सावलीत आहे हीच तिला भीती. ती जयश्रीच्या ताटात वाढायची आणि लांब जाऊन बसायची. जयश्रीच्या ओटीत कोणी नारळ घालायला आलं की ही परसात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत गावभर फिरत होती, तेव्हा जयश्रीला कळा सुरू झाल्या. पांढुर्ण्याला त्या दिवशी गोटमार, दोन गावांची दगडफेकीची जत्रा, म्हणजे तिकडे जायचा प्रश्नच नव्हता. विजय भैय्याजी किराणेवाल्याची जीप आणायला धावला. शकुबाई रिवाजाप्रमाणे उठून गोठ्यात गेली आणि म्हशीच्या अंगावर हात ठेवून उभी राहिली. घरात कोणी म्हातारी काठी टेकत आली, काही बोलली, निघून गेली, हे तिला ऐकू आलं. पण ती आत गेली नाही.

जीप आली. जयश्रीला बसवलं, तशी तिनं चारी बाजूंना बघितलं आणि काकू कुठे म्हणून हट्ट धरला. शेजारची कोणी येते म्हटलं तरी ऐकेना. कवडूनं गोठ्यात येऊन बायकोला सांगितलं, तिनं नाही म्हटलं, शेवटी त्यानं दंडाला धरून तिला जीपमध्ये बसवलं. रस्ताभर जयश्रीनं तिचा हात सोडला नाही.

दवाखान्यात पोचल्यावर नर्सबाई जयश्रीला आतल्या खोलीकडे घेऊन चालली. चालताना जयश्रीच्या डोक्यावरचा पदर घसरला, आणि वेणीच्या मुळाशी शकुबाईला लाल दोरा दिसला.

गोठ्यात असताना काठी टेकत आलेली म्हातारी कोण होती, हे तिला आता कळलं. केसरबाई अजून जिवंत होती, डोळ्यांनी अधू झाली होती, पण मुळ्या काढणं तिनं सोडलं नव्हतं. याच श्रावणात रविपुष्याचा मुहूर्त साधून ताजी मुळी आणल्याचं ती गावभर सांगत फिरली होती. तीच मुळी आता आत गेली होती आणि दार बंद झालं होतं. ती सोडायची असते हे आत कोणालाच माहीत नव्हतं. बाहेर माहीत असलेली एकटी शकुबाई.

विजय चिठ्ठी घेऊन बाजारात औषधं आणायला गेला होता. शकुबाईनं दार वाजवलं. नर्सबाईनं डोकं बाहेर काढलं. ती जबलपूरकडची, हिंदी बोलणारी. शकुबाईनं हातवारे करून, मोडक्या हिंदीत सांगितलं की पोरीच्या केसांत जडी आहे, ती काढा, लेकरू झाल्याबरोबर काढा, नाही तर ती मरेल.

"माँजी, बाहर बैठो," नर्सबाई म्हणाली. "हो जाएगा तो बुला लेंगे." तिच्या आवाजात राग नव्हता. अशा घाबरलेल्या सासवा ती रोज बघत असेल. दार पुन्हा लागलं.

शकुबाई दाराशी जमिनीवर बसली. आतून जयश्रीचं ओरडणं ऐकू येत होतं आणि प्रत्येक ओरडण्यासरशी तिची बोटं आपोआप चाळा करत होती, जणू गाठ समोरच आहे. देवाला काय म्हणावं तेही तिला सुचेना. एक मारली, आता दुसरी. आणि पहिलीचं पोरगं हातात औषधाची पिशवी घेऊन येईल तेव्हा त्याला काय सांगायचं? तिला विजयची भीती वाटत होती. ज्याला बोटानं दूध चाटवलं त्याची तिला भीती वाटत होती, याहून वाईट काय असतं.

मग मूल रडलं.

ती उठली आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. वऱ्हांड्यातल्या लोकांनी तिला धरून बाकावर बसवलं. कोणी पाणी दिलं. ती मोठ्यानं रडत होती आणि लोक तिला सांगत होते, अवो बाई, लेकरू झालं, आनंदाची गोष्ट आहे, रडता कायले. तेवढ्यात विजय आला, नर्सबाईनं दार उघडून त्याच्या हातून औषधं घेतली आणि मुलगी झाल्याचं सांगितलं. सगळं ठीक आहे म्हणाली. शकुबाईचा तिच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. यमुनेच्या वेळीही मूल होईपर्यंत सगळं ठीकच होतं.

दिवे लागले तेव्हा त्यांना आत सोडलं. जयश्री खाटेवर उशाला टेकून बसली होती आणि कपातल्या चहात टोस्ट बुडवून खात होती. मुलगी शेजारी गुंडाळून ठेवलेली. शकुबाई मुलीकडे न बघता खाटेच्या मागच्या बाजूला गेली. वेणी तशीच होती, लाल दोरा तसाच होता, आणि दोऱ्यात करंगळीएवढी काळसर मुळी.

"काकू, ते माझ्या केसांत टोचून राहिलं केव्हाचं," जयश्री म्हणाली. "त्या आजीनं बांधलं होतं. काढून टाका न."

शकुबाईनं गाठीला हात लावला. ती चटकन सुटली.

मुळी मुठीत धरून ती किती तरी वेळ जयश्रीच्या तोंडाकडे बघत उभी होती. पोरगी दमली होती, पण ओठांना रंग होता. दिवस मावळायच्या आत लेकरू झालं होतं आणि मुळी आता सुटली होती, दिवेलागणीनंतर. नर्सबाई आली, तेव्हा शकुबाईनं तिला विचारलं की बाळंतिणीचं रक्त कशानं जातं. नर्सबाई जयश्रीचं पोट दाबून बघत होती. तिनं सांगितलं की वार आत अडकून राहिली की जातं, गर्भाशय आवळलं नाही की जातं; वेळेत इंजेक्शन मिळालं तर बाई वाचते, नाही तर अवघड. एवढं बोलून ती दुसऱ्या खाटेकडे गेली. शकुबाईला आठवलं, यमुनेच्या वेळी केसरबाई पुन्हा पुन्हा हात घालून काहीतरी शोधत होती, आणि वार पुरती आली का म्हणून कोणीतरी विचारलं होतं. ही गोष्ट तिला कायम आठवत होती. फक्त तिच्याकडे तिनं कधी बघितलं नव्हतं, कारण नजर सगळी त्या गाठीवर.

जयश्री घरी आली तशी शकुबाई सर्वांत आधी केसरबाईकडे गेली. म्हातारी अंगणात बाजेवर बसली होती. शकुबाईनं मुळी तिच्या हातावर ठेवली आणि ती कधी सोडली ते सांगितलं. केसरबाईनं मुळी चाचपली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "दवाखान्यातल्या दवाईच्या वासानं गुण गेला असन मुळीचा." मुळीत काहीच नव्हतं असं मानलं, तर यमुनेचं मरण कोणाच्या हातात उरतं, हे त्या दोघींनाही कळत होतं. शकुबाईनं वाद घातला नाही. पण परत येताना तिचं मन पुन्हा डळमळलं. असेलही, तिला वाटलं. वासानं गुण गेला असेलही. जुनं ओझं असं सहजी खांद्यावरून उतरत नाही, त्याची सवय झालेली असते.

आता एकाच माणसाचा शब्द तिला हवा होता. ज्याची माय गेली त्याचा.

विजय ओसरीत बारशासाठी पाळण्याची दोरी बांधत होता. शकुबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं ज्या प्रश्नाला ती टाळत होती, तो तिनं सरळ विचारला.

"विजय, तुयी माय माझ्यानं मेली का?"

त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. "काकू, काय बोलून राहिली तू?"

"सांग."

"मुळीनं कोणी मरते का?" तो म्हणाला. "आतून रक्त गेलं असन. त्या काळी दवाखाना नव्हता, इंजेक्शन नव्हतं. जयश्रीच्या केसात म्हातारीनं बांधलं, मी जीप आणाले चाललो तं वाटेत भेटून मले सोडाले सांगून गेली, मी हो म्हटलं अन् विसरून गेलो. त्यात काय ठेवलं आहे?"

"हे तुले कधीपासून माहीत आहे?"

"कॉलेजात होतो तवापासून."

कॉलेजात होता तेव्हापासून. सुटीत घरी यायचा, तिच्या हातचं जेवायचा, धुऱ्यावर उटकटारा उपटताना तिच्या बोटांत मोडलेले काटे सुईनं काढून द्यायचा. तेव्हा त्याला माहीत होतं. शाळेतल्या पोरांना तो हेच शिकवत होता.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

विजय वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला केव्हाच माफ केलं होतं, आणि मग माफ करण्यासारखं काही नव्हतंच हे कळल्यावर ती सगळी गोष्ट तो विसरून गेला होता. ती विसरली नसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मले वाटलं," तो म्हणाला, "तुले माहीतच असन."

आयुष्यात पहिल्यांदा शकुबाईला त्याचा राग आला. इतका आला की तिला तिथं उभं राहवेना. ती स्वयंपाकघरात गेली, पीठ मळायला बसली आणि हुंदके देत रडली. यमुनेसाठी रडली, त्या नखं कापलेल्या पोरीसाठी रडली. विजय दाराशी येऊन उभा राहिला. तिनं वर न बघता त्याला एवढंच सांगितलं, की बारशाला बाया येतील तेव्हा त्यांच्यासमोर हे बोलायचं.

तो बोलला. शाळेत बोलतो तसा, खाली बघत, वार आणि रक्तस्राव आणि इंजेक्शन हे शब्द वापरून. काकूचा काही दोष नव्हता, असं शेवटी म्हणाला. बायांनी ऐकून घेतलं. मास्तर म्हणतो तर असेल, असं एक-दोघी म्हणाल्या. मग त्यांनी पाळणा हलवला, पदरात घुगऱ्या घेतल्या आणि आपापल्या घरी गेल्या. केसरबाई आली नव्हती. पुढच्याच महिन्यात शेजारी ओटीभरण झालं, आणि शकुबाईला बोलावणं आलं नाही.

त्या वर्षी उघडीप पडली तरी ती खुरपं घेऊन शेतावर गेली नाही. कवडूनं दोनदा आठवण करून दिली, मग त्यानंही विषय सोडला. दिवाळीपर्यंत धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट निळ्या फुलांनी भरून गेला आणि सौंसरच्या बसमधून जाणाऱ्यांनाही तो दिसायला लागला. गावातले लोक वाटेनं जाताना तिकडे बघायचे आणि म्हणायचे, शकुबाई आता थकली, हात चालत नाहीत तिचे.